बोंडीला कशाची खाज होती

सुरुवातीलाच माफी मागतो. आजारपणावर लिहायचा अधिकार ज्यानं आजार भोगला त्याचा. मी तो भोगलेला नाही. जिनं भोगला ती एक मांजर आहे, आणि तिला लिहिता येत नाही. आमच्या भागात माणसाला ताप आला तरी दवाखान्याच्या बाकावर अर्धा दिवस जातो. तिथं मांजराच्या पोटावरच्या चट्ट्यांसाठी कोणी पानं भरावीत, याची मलाही थोडी लाज वाटते. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. त्यामुळे याला कळतं, असं घरचे समजत होते. मीही तसंच समजत होतो. कोणाच्या घरी मांजर असं खाजवत असेल, तर त्यांनी आमच्यासारखं चाचपडत राहू नये म्हणून लिहितो आहे. नीट मांडता आलं नाही तर सांभाळून घ्या.

पहिले चट्टे

आमचं गाव राळेगाव तालुक्यात. बोंडी पांढरी आहे, डाव्या कानावर पिवळसर ठिपका. कापसाच्या बोंडासारखी गोल होऊन झोपायची म्हणून माझ्या बहिणीनं, पुष्पाताईनं, तिला हे नाव दिलं. ताई लग्न होऊन पांढरकवड्याला गेली आणि बोंडी आमच्याकडे राहिली. घरात गव्हाची पोती, तुरीची पोती. उंदरांना तोटा नव्हता, त्यामुळे बाबांचीही तिच्याबद्दल तक्रार नव्हती.

मी यवतमाळला वसतिगृहात राहतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा ती दारात आली नाही. खाटेखाली बसून पोट चाटत होती. उचललं तर पोटाखालचे केस गेलेले, कातडी लालभडक, हनुवटीखाली पुरळ. पंजे तर ती चावतच होती.

"माय, हिले काय झालं वो?"

"काय माहीत बाप्पा. कवाची चाटूनच राह्यली. गरमी झाली असन."

शेजारच्या गंगूकाकू कुंपणावरूनच म्हणाल्या, "गरमी कायची? कापसाची खाज हाये ते. घरात कापूस भरून ठेवला नं तुम्ही."

हे सगळ्यांना पटलं. भाव चढेल म्हणून आमच्याकडे लोक कापूस घरातच भरून ठेवतात. महिना दोन महिने झाले की त्यात बारीक किडे होतात आणि माणसांनाही खाज सुटते. आमच्याही मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस होता, आणि बोंडी त्याच गंजीवर झोपायची. मलाही वाटलं, झालं, कारण सापडलं.

बाबांची मुदत

ताईला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी येणार होती. बाबांनी एका संध्याकाळी हातपाय धुताना सांगितलं, "पुष्पा घरी याच्या आंधी हे मांजर बरं झालं तं ठीक. नाई तं मी जिनिंगमंधी सोडून देतो. तिथं सरकीपायी लय उंदरं हायेत, उपाशी नाई मरणार." जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना.

"बाबा, खाज माणसाले लागत नाई," मी म्हणालो.

"तुले कोण सांगतलं?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं.

"नवं लेकरू येऊन राह्यलं घरात," बाबा म्हणाले. "तुले मांजराची पडली, मले नातवाची."

ते रागानं बोलत नव्हते. तसे ते बोलतच नाहीत. ठरलं होतं, एवढंच.

माझे शोध

आता मी काय काय केलं ते सांगतो. यातलं काहीही करू नका.

पहिल्यांदा मागच्या खोलीला कडी लावली. बोंडी दाराबाहेर बसून ओरडायची. आठवडा गेला, कापूस बंद झाला, खाज बंद झाली नाही.

मग मोबाइलवर वाचलं की खाण्यातूनही मांजरांना खाज येते. तिला दूध-भाकर मिळायची. मी दूध बंद करायला लावलं. माय म्हणाली, "अरे, ते कोरडी भाकर खाते का?" मी शिकवणीच्या सरांसारखा आवाज काढून म्हणालो, "माय, एकेक गोष्ट बंद करूनच कारण कळते." वाक्य बरोबर होतं. पण मी एक गोष्ट धड बंद ठेवत नव्हतो आणि दुसरी सुरू करत होतो. बोंडीची हाडं हाताला लागायला लागली.

मित्रानं सांगितलं, करंजाचं तेल लाव. लावलं. तिनं ते सगळं चाटलं आणि उलट्या केल्या. दुसऱ्यानं कुत्र्याच्या गोचिडांची पावडर आणून दिली. ती मात्र लावायला माझा हात धजला नाही. पुढे कळलं, ती लावली असती तर मांजर तिथंच गेलं असतं.

आणि या सगळ्यात मी मायला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतो. घर स्वच्छ पाहिजे. जंतू राहिले नाही पाहिजेत. फरशी दोन वेळ पुसत जा, फिनेल थोडं जास्त टाक.

या फिनेलबद्दल सांगावं लागेल. आमचं घर त्याआधी मातीचं होतं, माय शेणानं सारवायची. सरकारी घरकुल योजनेत घर बांधलं तेव्हा फरशी मीच हट्टानं बसवायला लावली. पहिल्या पोछ्यासाठी काळ्या फिनेलची बाटली मी यवतमाळहून आणली. आमच्या कॉलेजच्या वऱ्हांड्यात सकाळी तो वास असतो. शिकलेल्या लोकांच्या जागेचा वास असाच असतो, असं मला वाटायचं. आमच्या घरात तो पहिल्यांदा आला तेव्हा मी दारात उभा राहून श्वास घेतला होता. माय हसली होती. "इंजेक्शन द्याची का आता आमाले?" असं म्हणाली होती.

त्यानंतर मी येणार असलो की ती फरशीवर जास्तच फिनेल ओतून ठेवायची. मला आवडतं म्हणून.

बैलांच्या रांगेत

शेवटी राळेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात जायचं ठरवलं. प्लास्टिकच्या क्रेटला वरून दुसरा क्रेट बांधला, आत जुनं लुगडं टाकलं. एकट्याला क्रेट आणि मांजर दोन्ही आवरेना, म्हणून माय वेचणी सोडून सोबत आली. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कोंबड्या का?" आतून बोंडीनंच उत्तर दिलं. अख्खी गाडी हसली.

दवाखान्यात बैल, शेळ्या, एक पाय सुजलेली म्हैस. माझ्या पुढचा माणूस मागे वळून म्हणाला, "मांजर आणलं? बापा! आमच्या इकडे मांजर बिमार पडलं तं दुसरं मांजर पाहतेत."

"हे लाडाचं हाये," माय म्हणाली.

"तं मंग आमच्या बैलाच्या आंधी घेऊन जा वो बाई. बैल काई लाडाचा नाई, त्याले फक्त नांगर ओढा लागते."

पण त्यानं खरंच आम्हाला पुढे जाऊ दिलं.

डॉक्टर बाई होत्या, तरुण. मला वाटलं होतं त्या हसतील. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बोंडीला त्यावर घेतलं आणि बारीक फणीनं तिचे केस विंचरले. फणीत जे निघालं ते ओल्या कापसावर टिपून बघितलं. पिसवा असत्या तर त्यांची घाण ओली झाल्यावर लाल उतरते, तसं काही उतरलं नाही. कातडीचा पापुद्रा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. किडे नव्हते, बुरशीसारखंही काही नव्हतं. मी मध्येमध्ये बोलत होतो. कापूस, दूध, करंजाचं तेल. त्या ऐकत होत्या आणि बोंडीला उलटीसुलटी करत होत्या.

"पाठीवर काही आहे का?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं. पाठीवरचे केस दाट, पांढरे, जसेच्या तसे.

"कानावर? मानेवर?"

नव्हतं.

"पोट, पंजे, हनुवटी. म्हणजे झोपल्यावर जे जे जमिनीला टेकतं, तेवढंच लाल आहे." त्यांनी तिचा पंजा उचलला आणि नाकाशी धरून वास घेतला. मग तिचं तोंड उघडलं. जिभेवर फोड होते. ते मी इतक्या दिवसांत एकदाही पाहिले नव्हते. ती खात नव्हती ते यामुळे, दूध बंद केल्यामुळे नव्हे.

"फरशी कशानं पुसता?"

मी सांगितलं. किती टाकता, विचारलं. मी मायकडे बघितलं.

"हा म्हणे तितकं," माय म्हणाली. "आंधी झाकणभर टाकत होती. आता ओतूनच राह्यली मी."

डॉक्टर बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मांजराला फिनेल सहन होत नाही. ती त्याच्यावर झोपते, मग कातडी जळते. मग ती चाटते, मग तोंड जळतं. तुम्ही जितकं स्वच्छ करत होता, तितकं तिला जास्त होत होतं."

मायचे हात

बोंडीला पुन्हा क्रेटमध्ये ठेवायला मायनं दोन्ही हात पुढे केले, तेव्हा डॉक्टर बाई थांबल्या.

"मावशी, हात दाखवा बरं."

मायनं हात पदराखाली घेतले. "कायले? काई नाई झालं. कापूस वेचतो नं आम्ही, बोंडाचे काटे लागतेत."

"दाखवा तर."

तिच्या बोटांच्या पेरांवरची कातडी सोलली होती. तळव्यांना भेगा होत्या, काहींत रक्त सुकलं होतं. मनगटापर्यंत लाल, आणि मनगटाच्या वर एकदम साफ, जसं कोणी रेघ ओढली आहे. पोछ्याच्या बादलीत हात जिथपर्यंत बुडतो तिथपर्यंत.

कापूस वेचणाऱ्या बायकांचे हात ओरबाडलेलेच असतात. आमच्याकडे कोणी कोणाचे हात बघून थबकत नाही. माय स्वतःही ते कापसाचंच समजत होती. बोंडाची टोकं नखांजवळ टोचतात, त्यांनी मनगटाभोवती कडं उमटत नाही. हे डोळ्यांना दिसत होतं. मी बोंडीच्या पोटाचे मोबाइलवर रोज फोटो काढत होतो, मोठे करून बघत होतो. काही फोटोंत तिला धरलेले मायचे हातही आले आहेत. मी ते नंतर बघितले. चट्टे त्यात स्पष्ट आहेत.

"मी जनावरांची डॉक्टर आहे," बाई म्हणाल्या, "पण हे दोघींचं एकच आहे. मावशींना माणसांच्या दवाखान्यात दाखवा. आजच."

माय बाहेर येऊन हसायला लागली. "मांजरापायी मले बी तपासलं. फुकटात!"

मला हसता आलं नाही. एसटीत मी तिच्या शेजारी बसलो होतो आणि तिच्या हातांकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. मी म्हणालो, "माय, आग होत होती तं सांगतलं काहून नाई?"

"तू म्हणे जंतू मरतेत. म्या म्हटलं, मरत असतीन तवाच आग होत असन."

कॉलर

फिनेलची बाटली बाबांनी वावराच्या टोकाला नेऊन पुरली. फरशी साध्या पाण्यानं घासून घासून धुतली, बोंडीचे पंजे कोमट पाण्यानं. तिनं चाटू नये म्हणून डॉक्टर बाईंच्या सांगण्यावरून जुन्या एक्स-रेच्या फिल्मची कॉलर केली. ती घालून बोंडी भिंतींना धडकत फिरायची. गंगूकाकू म्हणायच्या, "पाह्य वो, नवरी पदर सावरून राह्यली." माय मलम लावलेल्या हातांनी तिला भाकर कुस्करून चारायची. दूध पुन्हा सुरू झालं. एकदा तिनं वाटी पूर्ण चाटून पुसली, तेव्हा बाबाही बघत होते.

पण कातडी एका दिवसात येत नाही. डॉक्टर बाईंनीच सांगितलं होतं, महिना लागेल, जास्तही. ताई त्याआधी येणार होती, आणि माझी परीक्षा त्याच्याही आधी होती.

निघताना मी बाबांना म्हणालो, "आता कारण कळलं नं बाबा. आता राहू द्या तिले."

बाबा म्हणाले, "पाहू."

परीक्षेच्या काळात रोज फोन केला. "बोंडी कशी हाये?" आणि माय रोज सांगायची, "हाये नं. झोपून हाये."

शेवटचा पेपर देऊन घरी आलो. ताई आली होती, खाटेवर पाय लांब करून बसली होती. तिनं मला पाहिलं आणि मान वळवली. दाराजवळच्या खुंटीवर एक्स-रेची कॉलर अडकवलेली होती.

जिनिंग

माझा दुसराच पेपर होता त्या दिवशी कापसाची गाडी जिनिंगला गेली होती. बाबांनी बोंडीला त्याच गाडीतून नेलं होतं.

"पोत्यात नाई टाकली," बाबा म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं तरी. "मांडीवर नेली. कॉलर काढून देल्ली. तिचं पोट लालच होतं अजून. डागदरनी म्हणते फिनेल, गंगू म्हणते कापूस, तू म्हणे दूध. म्या कोनाचं आयकू? पुष्पाचं लेकरू हाये."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण महिनाभर रोज नवं कारण छातीठोकपणे सांगणारा मीच होतो. खरं कारण सापडलं तेव्हा माझ्या शब्दाला घरात वजन उरलं नव्हतं.

माय चुलीजवळून म्हणाली, "तुये पेपर बिघडले असते. म्हून नाई सांगतलं." ती रडत होती. तिच्या हातांच्या भेगा भरत आल्या होत्या. तेवढ्यात ते मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी जिनिंगला गेलो. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेरपर्यंत, आत डोंगराएवढ्या गंज्या, यंत्रांचा आवाज. त्या आवाजात "बोंडी, बोंडी" म्हणून हाक मारणारा मी. हमाल हसत होते. फाटकावरच्या चौकीदार काकांना जयभीम घातला आणि सगळं सांगितलं. पांढरी, कानावर ठिपका, पोटावर केस नाहीत, खाजवत असते.

"लेका, इथं सगळंच पांढरं हाये," ते म्हणाले. "रुईच्या ढिगात पांढरं मांजर कसं हुडकू?" पण त्यांनी माझा नंबर आपल्या फोनमध्ये घालून घेतला. नाव काय टाकू विचारलं आणि 'मांजरवाला' असं टाकलं.

मी पुन्हा गेलो. आणखी एकदा गेलो. मग कॉलेज सुरू झालं.

त्यानंतर

ताईला मुलगी झाली. ती आता सरपटते. आमच्या फरशीवर पोट टेकून, हनुवटी टेकून, हात तोंडात घालत. तिला तसं बघितलं की मला बोंडीच्या जिभेवरचे फोड आठवतात. बोंडी आजारी पडली नसती, तर फिनेल चालूच राहिलं असतं. बाबांनी लेकरासाठी तिला घराबाहेर काढलं, आणि लेकरासाठी जे कळायला हवं होतं ते तिच्यामुळेच कळलं. हे बाबांनाही उमगलं असावं. त्यांनी मला एकदा विचारलं, "कॉलेज जाता-येता जिनिंग लागते नं रस्त्यात?" जिनिंग माझ्या रस्त्यात नाही, हे त्यांना माहीत आहे.

तुमच्या घरी मांजर खाजवत असेल तर आधी ते कुठे खाजवतं ते बघा. पाठ, कान, पोट, पंजे, सगळं बघा. तोंड उघडून बघा. ते कुठे झोपतं, त्या जागेवर काय पडतं, ते विचारा. पुसतं कोण तेही विचारा आणि त्या माणसाचे हात बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि डॉक्टरकडे लवकर जा. आपल्याला कळतं असं वाटत असेल तर त्याहून लवकर जा.

फोन

गेल्या मे महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मी वसतिगृहात कपडे वाळत घालत होतो.

"मांजरवाला का?"

"हो काका."

"सीझन संपला नं बाप्पा इथला. ढीग उठले, आवार मोकळं झालं. तं ते तुही मांजर दिसली. वजनकाट्याच्या खोलीजवळ बसते रोज. कानावर ठिपका हाये, मी जवळून पाह्यलं. पण तू सांगतलं होतं तसं खाजवत तं नाई. उलटी लोळली होती उन्हात. पोटभर केस हायेत, पांढरेशिप्पट. चाटत नाई, चावत नाई. म्हून म्हटलं, हेच का दुसरं?"

"तेच हाये काका," मी म्हणालो.

"चांगलंच बरं झालं मंग. माह्या भाच्याच्या घरी एक मांजर अशीच खाजवून राह्यली. काय औषध देल्लं होतं तू हिले?"

काका "हॅलो, हॅलो" करत होते.

"काहीच नाही काका," मी म्हणालो. "ती आमच्या घरातून गेली, एवढंच."